सायकलीचा मान

एखाद्या समाजात कोणत्या वस्तूला किती मान आहे, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. ती वस्तू वापरणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहतात, एवढेच पाहावे. आपल्या जालना शहरात आज सायकलीवर बसणारी माणसे दोन प्रकारची आढळतात. भल्या पहाटे काही हौशी मंडळी डोक्यावर शिरस्त्राण चढवून अनेक गिअरांच्या देखण्या सायकलींवरून व्यायामासाठी बाहेर पडतात. त्यानंतर थोड्याच वेळाने दांडीला जेवणाचा डबा अडकवून पोलादाच्या कारखान्याकडे निघालेला कामगार, किटल्या लावलेला दूधवाला आणि पाठीवर दप्तर घेतलेली शाळकरी मुले त्याच रस्त्याने जाऊ लागतात. पहिल्या स्वाराला पाहून लोक "वा!" म्हणतात. दुसऱ्याला पाहून "बिचारा!" म्हणतात. वास्तविक दोघांचे वाहन एकच. दोघांच्याही पायांतील बळावरच ते चालते. मग एकाला कौतुक आणि दुसऱ्याला कीव, असे का व्हावे?

मुलांनो, हा भेद मला मान्य नाही. तो केवळ अन्यायाचा आहे म्हणून नव्हे, तर त्यापायी आपले मोठे नुकसान होत आहे म्हणून. जो समाज कामाच्या सायकलीला कमी लेखतो, त्याला शर्यतीच्या सायकलीचा खरा अभिमानही बाळगता येत नाही, असे माझे मत आहे. ते का, हे आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम या वाहनाची योग्यता पाहू. माणूस जितक्या श्रमात एक कोस पायी चालतो, तितक्याच श्रमात सपाट रस्त्यावर तो सायकलीने सहज तीन कोस जाऊ शकतो. तिला दाणा-वैरण लागत नाही, इंधन लागत नाही. ती धूर सोडीत नाही की गोंगाट करीत नाही. बिघडली तर गावातल्या गावात, झाडाखाली बसलेला कारागीरही ती दुरुस्त करू शकतो. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी आणि गिरणीकामगार एकाच रस्त्याने सायकलीवरून जात, आणि त्यात कोणालाच कमीपणा वाटत नसे. त्या काळी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत, आणि रात्री दिवा न लावता जाणाऱ्या स्वाराला पोलीस अडवीत. आमच्या पिढीतील खेड्यापाड्यांतील मुले तासाच्या हिशेबाने भाड्याची सायकल घेत, उंची पुरत नसल्यामुळे दांड्याखालून पाय घालून ती चालवीत, आणि गुडघे फुटले तरी शिकण्याचे सोडीत नसत.

या वाहनाने सर्वांत मोठे उपकार केले आहेत ते मुलींवर. शिक्षक म्हणून खेड्यांत काम करताना एक गोष्ट मी अनेक वर्षे पाहिली. गावातील शाळा सातवीला संपते आणि पुढची शाळा चार-पाच किलोमीटरांवर असते. तेवढ्या अंतरामुळे कितीतरी हुशार मुलींचे शिक्षण थांबते. बुद्धी कमी पडत नाही, आईबापांची इच्छाही पुष्कळदा असते. अडतो तो रस्ता. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या गावांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची तरतूद आहे. आपल्या जालना जिल्ह्यालाही या कार्यक्रमाचा लाभ मिळाला आहे. बिहार राज्यात २००६ साली मुलींना सायकली देण्याची अशीच योजना सुरू झाली आणि माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलींची संख्या तिच्यामुळे वाढली. ज्या सायकलीवरून एक मुलगी दहावीपर्यंत पोहोचते, तिची किंमत लाखो रुपयांच्या सायकलीहून कमी कोण म्हणेल?

याचा अर्थ देखण्या सायकलींना माझा विरोध आहे, असा मात्र कोणी करून घेऊ नये. सौंदर्याची आवड ही माणसाची उपजत वृत्ती आहे. पोळ्याच्या दिवशी आपण बैलांना झूल घालतो, शिंगे रंगवितो, गळ्यात घुंगुरमाळा बांधतो. ती सजावट कोणालाही खटकत नाही. कारण तो बैल वर्षभर शेतात राबलेला असतो. सजावटीमागे कृतज्ञता असते. सायकलीचेही तसेच आहे. कोणी हौसेने चांगली सायकल घ्यावी, पुसून लख्ख ठेवावी, तिच्या घडणीचे कौतुक करावे. परंतु ती आठवड्यातून एकदा मिरविण्यापुरती बाहेर निघत असेल, आणि इतर सहा दिवस तिचा मालक चौकातल्या दुकानापर्यंतही मोटारीने जात असेल, तर ती पोळ्याचा नव्हे, नुसत्या देखाव्याचा बैल ठरेल.

आता शर्यतीचा विचार करू. आपल्याकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. पटाच्या मैदानात बैलजोडी धावू लागली की कडेला उभा असलेला प्रत्येक शेतकरी जणू परीक्षक होतो. जोडीतला कोणता बैल अंग चोरतो, कोणाची चाल सरळ आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. जन्मभर बैलांच्या सहवासात राहिल्यामुळे त्याचा आनंद जाणत्याचा आनंद असतो. सायकलीच्या शर्यती जेथे राष्ट्राभिमानाचा विषय झाल्या, तेथेही हेच घडलेले आहे.

फ्रान्स देशाची सुप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली, ती एका वृत्तपत्राचा खप वाढावा या हेतूने. १९१९ पासून आघाडीवरच्या स्वाराला पिवळा सदरा देण्यात येऊ लागला, कारण ते वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापले जात असे. उगम असा व्यापारी असूनही ती शर्यत साऱ्या देशाची झाली, कारण ती लोकांच्या दारावरून जात होती आणि दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नि कामगाराला सायकल म्हणजे काय हे ठाऊक होते. चढावर मांड्या कशा भरून येतात आणि समोरचा वारा कसा छातीवर बसतो, याचा त्याला स्वतःला अनुभव होता.

आफ्रिकेतील एरिट्रिया या लहानशा देशाची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. तेथे सायकल आणली ती इटालियन राज्यकर्त्यांनी. प्रारंभी स्थानिक लोकांना त्यांच्या शर्यतींत भाग घेण्याची मुभा नव्हती. पुढे ती मिळाली तेव्हा एरिट्रियन स्वारांनी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवून दाखविले. आज हा देश श्रीमंत नाही. पण तेथे सायकल रोजच्या जीवनात मुरलेली आहे. त्या भूमीतून बिनियम गिरमाय हा तरुण पुढे आला. २०२४ साली फ्रान्सच्या शर्यतीतील टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी ठरला. त्या वर्षी त्याने एक नव्हे, तीन टप्पे जिंकले. त्याच्या विजयाने सारा देश रस्त्यावर उतरला, यात नवल ते काय!

आपल्या देशालाही या क्षेत्रात परंपरा नाही असे नाही. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी वाळवंटे आणि पर्वत ओलांडून १९२८ साली ती पूर्ण केली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय सायकलपटू उतरले होते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाचा खडा चढ सर्वांआधी चढून जाणाऱ्या स्वाराला 'घाटाचा राजा' हा किताब दिला जातो. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिका खंड आरपार ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ साली तीच शर्यत नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी केली. २०१९ मध्ये जर्मनीत झालेल्या कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत भारतीय मुलांच्या संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या संघातील एसो अल्बेन हा तरुण अंदमान-निकोबार बेटांवरचा.

ही नावे अभिमानाने सांगण्याजोगी आहेत. परंतु त्याबरोबर एक कडू सत्यही सांगितले पाहिजे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एकही भारतीय सायकलपटू त्या मैदानावर उतरलेला नाही. ज्या देशात कोट्यवधी सायकली आहेत आणि लुधियानासारख्या शहरात त्या प्रचंड संख्येने तयार होतात, त्या देशाची ही स्थिती का असावी? माझे उत्तर असे, की आपण सायकलीला गरिबीची खूण मानली. मुलगा जरा मोठा झाला, घरात चार पैसे आले, की सायकल अडगळीत टाकावयाची, हीच प्रगती अशी आपली समजूत झाली. ज्या वयात पायांत बळ भरावयाचे, त्याच वयात मुले सायकलीवरून उतरतात. मग शर्यतीचे स्वार यावयाचे कोठून?

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, मराठवाड्याचा उन्हाळा तुम्ही विसरलात. आमच्या रस्त्यांवर पोलाद वाहणारे मालमोटारींचे तांडे धावतात. तेथे लेकरांना सायकलीवर पाठवावे तरी कसे?" हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भरधाव मालमोटारीसमोर कोणत्याही मुलाने धाडस दाखवू नये. शौर्याची ती जागा नव्हे. पण या संकटावर उपाय सायकल सोडणे हा नसून रस्ता सुधारणे हा आहे. आज सायकलींचा देश म्हणून हॉलंडचे नाव घेतले जाते. परंतु तेथेही हे आपोआप घडलेले नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत चारशेहून अधिक मुले दगावली. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांचे बळी थांबवा' अशी त्यांनी मागणी केली, आणि त्यानंतर हळूहळू सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधले गेले. लोकांनी मागितले, सरकारने केले.

आपल्याकडे २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात अनेक देशांच्या सायकलपटूंची टप्प्याटप्प्यांची मोठी शर्यत झाली आणि तिच्यासाठी रस्ते नव्याने गुळगुळीत करण्यात आले. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पाहुण्या स्वारांसाठी पाच दिवस रस्ता नीट करता येतो, तर आपल्या मुलांसाठी वर्षभर का करता येऊ नये? समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. वेगवान मोटारींसाठी तो बांधला गेला, आणि दुचाकींना तेथे मज्जाव आहे. ते योग्यही असेल. परंतु परतूर, मंठा, भोकरदन, घनसावंगी अशा तालुक्यांत खेड्यापासून शाळेपर्यंत सायकलीसाठी एक सुरक्षित पट्टी असावी, तिच्या दुतर्फा कडुनिंबाची सावली असावी, ही मागणी अवाजवी नाही. जिल्ह्यात शर्यती जरूर व्हाव्यात. पण एका थैलीत पैसे थोडे असतील, तर आधी शाळेचा रस्ता व्हावा आणि मग शर्यतीचे व्यासपीठ, असे मी म्हणेन. रस्ता झाला की शर्यतीचे स्वार त्याच रस्त्याने येतील.

हे काम मोठ्यांचे झाले. तुमचे काम कोणते? चौदा-पंधरा वर्षांची मुले मोटारसायकलीसाठी घरी हट्ट धरतात, आणि काही पालक तो पुरवितातही. कायद्याने हा गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार अल्पवयीन मुलाच्या हाती मोटारगाडी देणाऱ्या पालकाला २५,००० रुपये दंड आणि कारावासही होऊ शकतो. पण कायद्याची भीती बाजूला ठेवली, तरी स्वतःच्या बळावर जाण्यात जे समाधान आहे ते मोटारीच्या गुरगुराटात नाही, हे तुम्हीच अनुभवून पाहावे. वर्गातील एखादा सोबती जुनी, रंग उडालेली सायकल घेऊन आला तर त्याला हसू नये. तो कदाचित पाच किलोमीटर वाऱ्याशी झुंजून आलेला असेल, आणि त्या वेळी तुम्ही अंथरुणात असाल.

तेव्हा सायकलीची साखळी तेल देऊन नीट ठेवा, ब्रेक तपासा, चाकात हवा भरा, रस्त्याच्या डाव्या बाजूने चला आणि रात्री मागे तांबडा दिवा असू द्या. उद्या परदेशातल्या एखाद्या चढावर भारतीय स्वार सर्वांच्या पुढे जाताना दिसला, तर तुम्हाला झालेला आनंद उसना असणार नाही. त्या चढाची जाण तुमच्या पायांना असेल.