मोजणीतून सुटलेले प्रवासी

(द्वितीय वर्ष, कला)

मागच्या उन्हाळ्यात मी आठवडाभर दिंद्रुडच्या एस. टी. थांब्यावर वही घेऊन बसत होते. समाजशास्त्राच्या प्रकल्पाचा विषय होता ‘अर्धे तिकीट आणि स्त्रियांचा प्रवास’. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस. टी.च्या सर्व गाड्यांत स्त्रियांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला होता. शासनाच्या अशा निर्णयाने माणसांचे वागणे खरोखर बदलते काय, एवढाच माझा प्रश्न होता.

बदलते. ते डोळ्यांना दिसते. म्हाताऱ्या बायांच्या चंचीत पूर्वी पान-सुपारी असे, आता तिच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आधार कार्ड असते. माजलगावच्या बाजाराला पूर्वी घरातला गडी एकटा जाई, आता जोडीने जातात. लेकीला भेटायला जायचे म्हटले की घरात पहिला सवाल येई, “एवढं काय अडलंय तिकडं?” त्यावर बाईजवळ आता उत्तर आहे, “अर्धंच तर लागतंय.” पारावर पुरुष मंडळी हसतात, “आता बाया घरात थांबंनात.” मला वाटते, या थट्टेतच खरा निष्कर्ष आहे. पैसा हे अडचणीचे कारण होते, तसेच ते नकाराचे निमित्तही होते. निमित्त निम्मे झाले, तेव्हा नकार देणाऱ्याला खरे कारण सांगणे भाग पडले आणि पुष्कळदा त्याच्यापाशी ते नव्हतेच. स्त्री-स्वातंत्र्यावरच्या अनेक भाषणांनी जे आमच्या गावात घडले नाही, ते एका तिकिटाने थोडेफार घडवले.

असे लिहून मी प्रकल्प पूर्ण केला. गुणही चांगले मिळाले. पण वही उघडून रेघांची बेरीज करीत होते त्या संध्याकाळी माय शेजारी येऊन बसली होती. “काय लिहायलीस?” तिने विचारले. मी सांगितले, बायांचा प्रवास मोजायलेय. ती म्हणाली, “मग मला मोजलंस का?”

मी मोजले नव्हते. मित्रहो, माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. दोघे मिळून एक ‘कोयता’. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माय वर्षातून दोन मोठे प्रवास करते : दिवाळीच्या सुमाराला कारखान्याकडे जाण्याचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतीचा. हे दोन्ही प्रवास ट्रकमधून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होतात. तिथे तिकीट नाही, म्हणून सवलतही नाही आणि नोंदही नाही. लहानपणी मीही त्या ट्रॉलीत होते. खाली ज्वारीची पोती, वर भांडीकुंडी, त्यावर आम्ही. रात्री झोपेत खाली पडू नये म्हणून माय पदराचे टोक माझ्या कमरेला बांधून स्वतः जागी राही. कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हे मालाचे वाहन आहे. म्हणजे आमच्या जिल्ह्यातील असंख्य माणसे वर्षातील सर्वांत लांबचा प्रवास माल म्हणून करतात.

वाहतुकीची पाहणी करणे महाराष्ट्राला नवे नाही. मोटारबस हेच जेव्हा नवे यंत्र होते, तेव्हा धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची पाहणी केली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने ती १९३५ साली प्रसिद्ध केली. बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात, म्हणून त्या पाहणीच्या हद्दीबाहेर. निजाम सरकारने १९३२ साली स्वतःची बससेवा सुरू केली. मुंबई राज्याची एस. टी. पुणे-नगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली. बीडकरांनी वर्षानुवर्षे वाट पाहिलेली अहिल्यानगर-बीड रेल्वेही १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली. या नव्या साधनांचे स्वागतच आहे. त्यांच्या प्रवाशांची मोजणीही होईल, कारण तिकीट देणारे यंत्रच मोजते. परंतु ज्याला तिकीट नाही, त्याला कोणते यंत्र मोजणार?

कोणी म्हणेल, मग ऊसतोड कामगारांनी एस. टी.ने जावे, अर्धे तिकीट आहेच. हे बोलणे सोपे आहे. सहा महिन्यांचा संसार, धान्य, कोयते, कोंबड्या, तान्ही मुले घेऊन एस. टी.त कोण चढणार? ट्रॉली ही आमची आवड नाही आणि अडाणीपणाही नाही. आहे त्या परिस्थितीत तोच एक मार्ग उरतो. लोकांच्या वागण्याला नावे ठेवण्याआधी त्यांच्यापुढे पर्याय किती होते, हे पाहिले पाहिजे. माझ्या मते माणसे एका गाडीत आणि सामान दुसऱ्या गाडीत, एवढी साधी व्यवस्था हंगामापुरती होऊ शकते. तिचा खर्च कारखान्याने सोसावा, मुकादमाने की शासनाने, यावर वाद होईल. तो व्हावा. पण वाद होण्यासाठीसुद्धा आधी आकडे हवेत. किती माणसे गेली, त्यांत मुले किती, चालक सलग किती तास गाडी हाकत होता, रात्री ट्रॉलीच्या मागे दिवा होता की नाही.

हे आकडे गोळा करायला पुण्या-मुंबईहून कोणी येण्याची वाट का पाहावी? आपल्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले-मुली आहेत. गाड्या कुठे भरतात, किती वाजता निघतात, हे आपल्याला ठाऊक आहे. फक्त त्याला ज्ञान म्हणतात, हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही. घरचा विषय म्हणजे लाजेचा विषय, असे समजून आपण वहीत दुसऱ्यांचेच प्रवास लिहितो. मीही तेच केले.

म्हणून माझी प्राध्यापकांना विनंती आहे की, येत्या हंगामात हाच विषय प्रकल्पासाठी आम्हांला द्यावा. मी नाव नोंदवायला तयार आहे. पहिली मुलाखत माझ्या मायची घेईन.