रणगाडा विकून बांधलेली शाळा



रणगाडा विकून शाळा बांधता येते, हे ठाऊक आहे का तुम्हाला? इटलीत रेज्जो एमिलिया शहराजवळ विला चेल्ला नावाचं गाव आहे. १९४५ साली युद्ध संपलं, तेव्हा गावकऱ्यांनी जर्मन सैन्याचा मागे राहिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले. त्या पैशांतून आणि पडक्या घरांच्या विटांतून बालवाडी बांधायला घेतली! लॉरिस मालागुत्सी हे तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकल मारत तिथे पोहोचले, आणि जन्मभर त्याच कामात रमले. १९६३ पासून त्या शहराची नगरपालिकाही बालवाड्या चालवू लागली.

या बालवाड्यांत एक खास खोली असते. तिला 'आतेलिए' म्हणतात, म्हणजे कलाकाराची कामाची जागा. रंग, माती, तारा, बिया, पानं असं सगळं मुलांच्या हाताला येईल असं मांडलेलं. सोबतीला कला शिकलेली एक ताई किंवा दादा. चित्र कसं काढायचं हे मुलांना सांगायचं नाही; पाहायचं, विचारायचं, ऐकायचं.

असा कोपरा तुमच्या धाकट्या भावंडासाठी घरीही होईल. खोली नको, खिडकीजवळची चटईएवढी जागा पुरे. खाली गोणपाट अंथरा. टेबलाऐवजी पाट किंवा चौरंग ठेवा. पारदर्शक बरण्यांत सुतळी, चिंध्या, बुचं, जुन्या लग्नपत्रिका वेगवेगळ्या भरा. आत काय आहे ते दिसलं, की हात आपोआप वळवळतात! चिकटवायला कणकेची खळ, चित्रं वाळवायला दोरी आणि चिमटे. मात्र भावंड तीन वर्षांच्या आतलं असेल, तर चिंचोके, मणी अजिबात नकोत. ते नाकातोंडात जातात.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ती आईबाबांनीही वाचावी! संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून आपण पसारा आवरतो, आणि छोटीचा अर्धा झालेला पूल केरात जातो. आपल्याला तो पुठ्ठ्याचा तुकडा. तिच्या डोक्यात मात्र त्यावरून उद्या गाडी जायची असते. मोडलेला पूल ती पुन्हा बांधेलच असं नाही. म्हणून एक फळी फक्त अर्धवट कामांसाठी राखून ठेवा. तिच्यावर पाटी लावा : 'काम चालू आहे. विचारल्याशिवाय हलवू नये.'

आणि छोटीनं काही दाखवलं, तर "हे काय केलंस?" असं दरडावू नका. "याची गोष्ट सांग ना," म्हणा. मग बघा, ती किती बोलते ते!