घरचंच मांजर, काय होतंय?

मैत्रिणींनो, ज्या घरात मांजर असतं त्या घरात गुन्हेगार शोधायला लांब जावं लागत नाही. दुधावरची साय गेली, मांजर. काचेची बरणी फुटली, मांजर. धाकट्याला शिंका आल्या, मांजरीचे केस. एवढंच काय, आमच्या ह्यांची परीक्षेच्या कामाची कागदपत्रं एकदा सापडेनात तर तीही मनीनंच कुठंतरी ओढून नेली असणार असं ठरलं होतं. (ती ह्यांच्याच पिशवीत निघाली. मनीची माफी कुणी मागितली नाही.)

२०२३ चा उन्हाळा तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. आदल्या वर्षी कापसाला क्विंटलमागे दहा हजारांच्या वर भाव मिळाला होता, म्हणून त्या हंगामात आमच्या घनसावंगी तालुक्यात काय आणि सगळ्या मराठवाड्यात काय, लोकांनी कापूस विकलाच नाही. भाव येईल, भाव येईल म्हणत घरात भरून ठेवला. आमच्याही मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस. आणि मग सगळ्यांच्या अंगाला खाज! रात्ररात्र झोप नाही, हातापायांवर पुरळ. आळ अर्थातच मनीवर. "त्या मांजरीच्या पिसवा हाईत, तिला आधी बाहेर काढा," असा सासूबाईंचा हुकूम सुटला. पण गल्लीत जिथं मांजर नव्हतं तिथंही लोक खाजवतच होते, आणि जिथं कापूस नव्हता तिथं कुणी खाजवत नव्हतं. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, त्यांचा हा प्रताप. कापूस गेला, खोली झाडून धुऊन काढली, अंथरुणं कडक उन्हात टाकली, खाज गेली.

मांजरीपासून त्वचेचं दुखणं होतच नाही असं मात्र समजू नका. लहान पिल्लांच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो, आणि पिल्लू कुशीत घेऊन झोपणाऱ्या मुलांना तो हमखास लागतो. तो बरा होतो, घाबरायचं कारण नाही. फक्त मेडिकलच्या दुकानातून "खाजेचं मलम द्या" म्हणून ट्यूब आणू नका. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो. डॉक्टरांना दाखवून घ्या.

सांगायचं आहे ते वेगळंच. ज्या गोष्टींसाठी आपण मांजरीला दिवसरात्र बोल लावतो त्यांतल्या बहुतेक किरकोळ असतात, आणि जी एक गोष्ट खरोखर जिवावरची असते तिला मात्र आपण म्हणतो, "घरचंच मांजर, काय होतंय?"

मी आठवड्यातले काही तास शाळेत शिकवते. सातवीच्या वर्गात एकदा विचारलं, कुणाकुणाला कुत्रं चावलंय, मांजरीनं बोचकारलंय? अर्ध्याहून जास्त हात वर. मग विचारलं, जखमेवर काय लावलं? तर हळद, चुना, तंबाखू, चहापूड, रुईचा चीक. एका मुलाच्या आजीनं तिखट भरलं होतं, तो ते मोठ्या अभिमानानं सांगत होता. साबण लावला म्हणणारी एकच मुलगी निघाली, आणि तीही का, तर आई ओरडेल म्हणून तिनं रक्त धुऊन टाकलं होतं. म्हणजे सगळ्या वर्गात योग्य उपाय तेवढा चोरून झाला होता!

यंदा होळी झाल्यावर आमच्याच घरी प्रसंग आला. शनिवारची सकाळ. गल्लीतली कुत्री मागं लागली म्हणून मनी घरात पळून आली आणि कॉटखालच्या जुन्या गोधड्यांत शिरली. आमचा धाकटा आठ वर्षांचा, तिला काढायला हात घातलान. तिनं चावाही घेतला आणि मनगटापासून दोन ओरखडेही काढले. रक्त आलं.

सासूबाई हळदीचा डबा घेऊन हजर. मी त्याचा हात धरून न्हाणीत नेला, अंगाचा साबण घेतला आणि धुवायला लागले. नियम असा आहे की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे घड्याळ समोर ठेवल्याशिवाय कळत नाही, बरं का! दोन मिनिटांत आपल्याला वाटतं, झालं की. पाचव्या मिनिटाला मूल रडतं. आणि आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणजे तांब्या तांब्यानं ड्रममधलं ओतायचं. दहाव्या मिनिटाला सासूबाईंनी ड्रममध्ये वाकून पाहिलं.

"अगं माय, दोन दिवसांचं पानी हे! एवढ्याशा वरखड्याला?"

"आत्याबाई, आज अंघोळी नकोत कुणाला," मी म्हटलं आणि ओतत राहिले.

एवढं का धुवायचं? रेबीजचा विषाणू जनावराच्या लाळेत असतो. मांजर तर दिवसभर पंजे चाटतं, म्हणजे नखांवरही लाळ आलीच. हा विषाणू रक्तातून धावत नाही, जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. साबणानं त्याचं वरचं वेष्टण फुटतं आणि तो जागीच मरतो. तिखटानं किंवा चुन्यानं यातलं काहीच होत नाही, उलट जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जातो. धुऊन झाल्यावर आयोडीनचं औषध लावलं तर चांगलं, पण पट्टी बांधायची नाही आणि टाकेही शक्यतो घालत नाहीत. एकदा का हा आजार दिसू लागला, पाण्याची भीती, वाऱ्याची भीती सुरू झाली, की मग जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून तर हळद लावून "बघू उद्या" हे इथं चालत नाही.

न्हाणीतून थेट सरकारी दवाखाना. सासूबाईंचा विरोध सुईला होता. त्यांच्या माहेरी, जांब समर्थला, त्यांच्या लहानपणी एकाला कुत्रं चावलं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. तो आरडाओरडा त्यांच्या कानात अजून आहे. "लेकराच्या पोटात सुया टोचू देनार न्हाई मी." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस होती, ती पोटातच देत, आणि तिचा त्रासही होई. पण आपल्या देशात ती २००४-०५ मध्येच बंद झाली. आता लस दंडाला टोचतात. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत अगदी थोडी थोडी, दोन्ही दंडांवर, आणि दिवस ठरलेले: पहिला दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. दंडाच्या स्नायूत घेतली तर चौदाव्या दिवशी आणखी एक.

दवाखान्यात आधी पाहिलं ते रक्त आलंय का. नुसता ओरखडा, रक्त नाही, तर धुणं आणि लस. रक्त आलं असेल, किंवा उघड्या जखमेवर जनावरानं चाटलं असेल, तर लसीबरोबर जखमेतच सिरमही टोचावं लागतं, कारण लसीचं काम सुरू व्हायला काही दिवस लागतात आणि तोवर राखण कुणीतरी करायला हवी. ते सिरम दुखतं. पोरगं ओरडलं, सासूबाई दाराबाहेर "रामराया, रामराया" करत होत्या, आणि मलाही भिंतीकडे बघावं लागलं. धनुर्वाताचंही एक दिलं.

दारातच एका ओळखीच्या बाईंनी पथ्य सांगितलं: वांगं नको, अंडं नको, तेलकट नको. मैत्रिणींनो, या लसीला कसलंही पथ्य नाही. आणि गरोदर बाईनं किंवा अंगावर पाजणाऱ्या आईनं ही लस घ्यायची की नाही, असं मला दोघीतिघींनी विचारलं आहे. घ्यायची, निःशंक घ्यायची. पोटातल्या बाळाला तिचा धोका नाही. धोका न घेण्यात आहे.

घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं दुसरं काम सुरू झालं, मनीवर पाळत. चावलेलं कुत्रं किंवा मांजर डोळ्यांसमोर ठेवायचं आणि दहा दिवस बघायचं. चावताना लाळेत विषाणू असेल तर त्या दहा दिवसांत जनावर आजारी पडून मरतंच. दहा दिवसांनंतर ते धडधाकट असेल तर त्या चाव्याची काळजी मिटली. (पण या दहा दिवसांची वाट बघत लस लांबवायची नाही, ती पहिल्याच दिवशी सुरू.)

आणि सोमवारी संध्याकाळी मनी नाहीशी झाली.

आता सांगा काय करायचं? जनावर गेलं म्हणजे पुरावाच गेला. मंगळवारी तिसऱ्या दिवसाचा डोस दिला. हे जेवताना काही बोलेनात. जिनं "काय होतंय" म्हणून हळदीचा डबा आणला होता तीच म्हातारी त्या उन्हात वाटीत दूध घेऊन गल्लीभर "मने, मने" करत हिंडत होती. शनिवारी सातव्या दिवसाचा डोस झाला. पोराला कसलाच त्रास नव्हता, पण रात्री त्याला तहान लागून तो उठला की मी पाणी पिताना त्याच्याकडे बघत बसे. वास्तविक एवढ्या लवकर लक्षणं दिसतच नाहीत, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून बसत होते.

मधल्या दिवसांत शेजारणींनी आपापल्या शंका काढल्या. एकीच्या गोठ्यातल्या म्हशीला मागे पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, ती मेली, आणि तिचं दूध प्यायलेल्या साऱ्या आळीनं लसीसाठी रांग लावली होती. तर उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. कच्चं दूध मात्र कुठल्याच म्हशीचं पिऊ नये, ते दूध काढणाऱ्याच्या हाताला जखम असेल तर त्यानं डॉक्टरांना विचारावं. दुसरीच्या मुलीला घरातल्या उंदरानं बोट कुरतडलं होतं. घरातल्या उंदरापासून, खारीपासून रेबीज होण्याची भीती सहसा नसते. धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, झोप मोडून घेऊ नका.

याच शोधाशोधीत शेजारच्या सरपणाखालून विंचू निघाला, म्हणून जाता जाता तेही सांगते. लाल विंचू चावला आणि मुलाला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्र उतरवत बसू नका, तडक दवाखाना गाठा. यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्याच्या लेकानं दाखवला आहे. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात महाडकडे काम करताना त्यांनी रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरलं. त्यांचं काम १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शंभरात चाळीस दगावत, तिथं आता एखादा.

बुधवारी, म्हणजे अकराव्या दिवशी, मनी सापडली. मागच्या वाड्यातल्या कडब्याच्या गंजीत, तीन पिल्लांसकट. गाभण होती, जागा शोधत होती, त्यात कुत्री मागं लागलेली, म्हणून तर तिनं पोराचा हात फोडला. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलंच व्हतं." मग आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं नाही. त्यांनी तिला तिथंच शेवेचा चुरा घातला, बाळंतिणीला शेव चालते का हा विचार न करता.

चावा घेतल्याला दहा दिवस होऊन गेले, मांजर धडधाकट, म्हणजे भीती गेली. तरी डॉक्टरांनी अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस पुरा करायला सांगितला, आणि आम्ही केला. त्याचा फायदा असा की पुढं कधी काही चावलं तर धुणं आहेच, पण मग दोनच डोस, शून्य आणि तीन, आणि ते दुखरं सिरम लागत नाही. तेवढ्यासाठी तो दवाखान्याचा कागद मी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला आहे. तुम्हीही ठेवा. घरात शोधताना सापडणारी तीच एक पिशवी असते.

आता मनीचं. मांजरीला, कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्यायची, मग दरवर्षी एक. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारा. मनीला एक टोचून आणली आहे. पिल्लांची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे, दुधाच्या हिशेबाशेजारी. प्रश्न एवढाच की तीन पिल्लं आणि त्यांची आई न्यायची कशी? पोत्यात घालू नका, जीव गुदमरतो आणि बाहेर काढताना तुमचा हात फुटतो. भाजीची मोठी टोपली घ्यायची, खाली जुनं लुगडं, वर दुसरी टोपली पालथी आणि दोन्हींना सुतळीनं आवळून बांधायचं. ही युक्ती सासूबाईंची. टोपली मांडीवर धरून रिक्षात बसायलाही त्याच येणार आहेत.