काळ्यांनी काळ्याला मत दिलं म्हणे!

परवा गणपतीच्या जेवणाला पुन्हा तोच विषय. आमचे एक काका (नाव सांगत नाही, ते हा ब्लॉग वाचतात!) मोदकावर तूप ओतत म्हणाले, "ओबामाचं काय कौतुक सांगतेस? काळ्यांनी काळ्याला मत दिलं, बस्स!" सगळ्यांसमोर वाद नको म्हणून गप्प बसले. पण घरी आल्यावर झोप येईना, म्हणून हे लिहितेय.

काका, आकडा खरा आहे. जानेवारी २००८ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, एक्झिट पोलप्रमाणे, पाचातल्या जवळजवळ चार कृष्णवर्णीय मतदारांनी ओबामांना मत दिलं. पण त्याआधी तीनच महिने देशभरातल्या सर्वेक्षणांत याच मतदारांमध्ये हिलरी क्लिंटन पुढे होत्या. तेव्हा ओबामांचा रंग वेगळा होता का? मधे घडलं ते आयोवा! नव्वद टक्क्यांहून जास्त गोऱ्या राज्यात ओबामा पहिले आले आणि लोकांना वाटलं, अरे, हा खरंच जिंकू शकतो. अभिमान होताच, नाही कोण म्हणतंय? पण आपलं मत फुकट जाऊ नये, हा हिशोबही होता.

आता तेच राज्य, २०२० साल. कमला हॅरिस आणि कोरी बुकर मैदानात होते, तेव्हाही कृष्णवर्णीय मतदारांची पहिली पसंती बायडनच होते. ते दोघं तर मतदान सुरू व्हायच्या आधीच बाहेर पडले. शेवटी साउथ कॅरोलायनात सुमारे साठ टक्के कृष्णवर्णीय मतं मिळाली ती बायडनना. आता बोला!

आणि मे २००८ मधलं वेस्ट व्हर्जिनिया? जवळजवळ सगळं गोरं राज्य, हिलरींना ६७ टक्के मतं. पण "गोऱ्यांनी गोरीला दिलं, बस्स" असं तुम्ही कधी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. तिथे मात्र "कामगार वर्ग", "खाणी", "बेकारी" अशी कारणं आपल्याला लगेच सुचतात. म्हणजे गोऱ्यांना कारणं असतात आणि काळ्यांना फक्त कातडी?

राग मानू नका, पण अजून एक. ऑगस्ट २०२२ मध्ये मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटकडची प्रायमरी जिंकले, तेव्हा आपल्या फॅमिली ग्रुपवर पहिला मेसेज कोणाचा होता? "आपला माणूस!!" त्यांची धोरणं काय, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचलं होतं? मीही नाही. आपल्याला तर तिथे मतही नव्हतं!

आपण केलं की अभिमान, त्यांनी केलं की आंधळेपणा... हे काही पटत नाही बुवा. कोणी कोणाला मत दिलं एवढंच टक्केवारी सांगते. का दिलं, हे त्या माणसालाच विचारावं लागतं. इतकी वर्षं इथे राहून आपण किती जणांना विचारलं?

असो. काका, पुढच्या वर्षी मोदक माझ्याकडे. भांडायलाच या!