कानस, पाणी आणि पंचनामा

हत्यार हा मराठीतला दुतोंडी शब्द आहे. सुतार पोराला सांगतो, हत्यारं घेऊन ये. पोरगा रंधा, पटाशी, करवत आणतो. फौजदार म्हणतो, हत्यार जप्त केलं. तेव्हा सुरी असते, कोयता असतो. लोखंड तेच. अर्थ लोखंडावर ठरत नाही, ते कुणाच्या पिशवीत सापडलं यावर ठरतो.

हे मी शब्दकोशात वाचलेलं नाही. अंगावर घेतलंय.

मी मुंबईच्या गोदीत हमाल. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, पण चूल पाठीवर चालते. गोदीत दोर कापायला, गोणीची शिवण उसवायला सुरी लागतेच. माझी सुरी मी स्वतः केलेली, जुन्या कानशीची. पातं चार इंचाचं. मागच्या उन्हाळ्यात घरी आलो. छत्रपती संभाजीनगरला पहाटे बसमधून उतरलो, तर पिशवी उलटी केली. सुरी निघाली. काम काय करतो, हे कुणी विचारलं नाही. आधी आडनाव विचारलं. मग वस्ती विचारली. ही दोन उत्तरं मिळाल्यावर साहेबाला तिसरा प्रश्न पडलाच नाही. दुपारपर्यंत बाकड्यावर बसवलं. सोडलं, पण सुरी ठेवून घेतली. पावती मागितली तर हसले.

आता कायदा बघा. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र. त्यातूनही घरकामाची, शेतीची, कारखान्याची हत्यारं वगळलेली. शहरात बंदीहुकूम निघाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा काठीसुद्धा चालत नाही. पण एरवी? एरवी कायद्याच्या हातात फूटपट्टी आहे आणि शिपायाच्या हातात आडनाव.

कोयत्याचं तर नावच नासवलं. आमच्या मराठवाड्यातली माणसं ऊस तोडायला जातात. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती माणसाला नाही, कोयत्याला. बाई पोटुशी असली तरी ती अर्धा कोयताच. आणि गेली काही वर्षं पुण्याच्या बातम्यांत बघा, 'कोयता गँग'. साखर खाणाऱ्यांना कोयता आठवतो तो असा. ज्यानं ऊस तोडला त्याचा कोयता कधी पहिल्या पानावर आला नाही.

म्हणून सांगतो, कानशीची सुरी होते कशी. ती जप्त करणाऱ्याला माहीत नाही आणि तिच्यावर कविता करणाऱ्यालाही माहीत नाही.

वाळूज-चिकलठाण्याच्या वर्कशॉपात कानस झिजते. दात गेले की भंगारवाला किलोवर नेतो. झिजलेल्या कामगाराला तर भंगारवालाही विचारत नाही. पण कानशीचे दात गेले तरी पोलाद जात नाही. शंभरात एक भाग किंवा थोडा जास्त कार्बन असतो तिच्यात, म्हणून ती दुसऱ्या लोखंडाला खाते. स्वस्तातली कानस नुसती वरून कडक, आत मऊ. तिची सुरी होत नाही. ग्रायंडरला लावून ठिणगी बघायची. चांगल्या पोलादाची ठिणगी फुलबाजीसारखी फुटते. मऊ लोखंडाची नुसती लांब पळते.

हे मी शिकलो पैठण रोडच्या कडेला, एका घिसाडी मावशीच्या पालावर. घिसाडी म्हणजे फिरस्ते लोहार. नवरा सांडशीत लोखंड धरतो, घण बाई मारते. मावशीनं कानस लाल केली आणि राखेत पुरली. रात्रभर. म्हणाली, "निवू दे सावकाश. घाई केली तर मोडंल." सकाळी पोलाद मऊ. मग दुसऱ्या कानशीनं तिचे दात घासून काढायचे, सगळे. एक खाच राहिली तरी पुढं पातं तिथूनच तडकतं. मुठीसाठी भोक पाडायचं. मग पुन्हा भट्टी, पुन्हा लाल. लोहचुंबक चिकटेनासं झालं की ताव बसला. मावशीला लोहचुंबक लागत नाही. ती सावलीत धरून रंग बघते. मग एका दमात तेलात.

याला म्हणतात पाणी पाजणं. मी विचारलं, "मावशी, पाणी म्हणता आणि तेल वापरता?" ती म्हणाली, "पाण्यात तडकंल रं ही. बोलायचं पाणी, वापरायचं तेल."

पाणी पाजणं! ज्या देशात लोखंडाला पाणी पाजतात, त्या देशात माणसाला पाणी नाकारलं. १९२७ ला बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले ते ओंजळभर पाण्यासाठी नाही, माणूस म्हणून मोजून घ्यायला.

पाणी पाजलेली सुरी कडक असते, पण काचेसारखी. फरशीवर पडली की दोन तुकडे. इथंच पोरं फसतात. कडक झाली म्हणजे झाली, असं त्यांना वाटतं. नाही दोस्तांनो. तिला परत मंद ताव द्यायचा, पाठीकडून. पातं घासून चकचकीत करायचं आणि रंग चढताना बघायचा. आधी वाळल्या गवताचा पिवळा, दोनशे डिग्रीच्या आगेमागे. मग तपकिरी, जांभळा आणि तीनशेच्या घरात निळा. धारेवर पिवळा आला की थांबायचं. निळा पाठीला हवाच, तिथं लवचिकपणा लागतो. पण निळा धारेवर उतरला की धार मेली.

मावशी लोखंडाबद्दल बोलत होती. मला आपल्या सभा आठवल्या. निळा आपल्याला जिवापाड. पण काही पुढाऱ्यांनी तो पाठीतून काढून धारेवर चढवला. आता दाबलं की वाकतात, सोडलं की सरळ होतात आणि कापत काहीच नाहीत.

आणि आपली पोरं? आमच्या गल्लीत एकानं वाढदिवसाचा केक तलवारीनं कापला. तलवार विकत आणलेली, टिनपाट. मोबाइलवर टाकलं. तिसऱ्या दिवशी उचलला. वय एकोणीस. पोलीसभरतीची तयारी करत होता, पहाटे पळायला जायचा. आता पळतो ते तारखेला. आई चार घरची भांडी घासून वकिलाच्या दारात उभी राहते. मोठ्यांच्या पोरांचे असले फोटो भिंतीवर लागतात. आपल्या पोराचा फाइलीत लागतो. हे त्याला कुणी सांगितलं नाही. आपणही नाही.

आपण कविता करत होतो. आपल्या कवितेत किती सुऱ्या परजल्या, मोजा. माझ्याही मोजा. एकीत तरी राख आहे? रात्रभर थांबणं आहे? घण मारणारी मावशी आहे?

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी आपल्याला पेन दिलं, तू सुरी काय घेऊन बसलास? ऐका. माझ्या पणज्याकडे सुरी होती. मेलेलं ढोर सोलायची. १९५६ ला धम्म घेतला आणि त्यानं ती ओढ्यात फेकली, असं घरात सांगतात. बरोबर केलं. ते काम त्यानं निवडलं नव्हतं, गावानं त्याच्या जन्मावर टाकलं होतं. त्यानं लोखंड नाही फेकलं, गावकी फेकली. मी कानस हातात घेतो ती माझ्या मर्जीनं. पेन आणि कानस यांचं भांडण नाही. डोकं वरच्याचं आणि हात खालच्याचा, ही वाटणी ज्यांनी केली त्यांनी ते लावलं. १९५० ला याच शहरात बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. तिथं शिकलेल्यांच्या शहरात मावशीला अडाणी म्हणतात. रंगावरून पोलादाचा ताव सांगणारी बाई अडाणी, आणि तिचं पाल उठवणारा सुशिक्षित!

तेव्हा दोस्तांनो, तलवारी उचलू नका. कानस उचला. भट्टीजवळ बसा, हात भाजून घ्या. एकदा स्वतः हत्यार केलं की ते मिरवावंसं वाटत नाही. त्यानं काम करावंसं वाटतं.

माझी सुरी त्यांनी ठेवून घेतली. मी दुसरी केली. या वेळी मुठीवर दोन शब्द कोरलेत, गोदी कामगार. साहेब, पुढच्या वेळी पिशवी उलटी कराल तेव्हा आडनावाआधी तेवढे वाचा. आणि पंचनाम्यात नीट लिहा: हत्यार, एक नग, कामाचं.