नेमणूक आणि निष्ठा

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी फार दिवसांपासून आहे. व्यवहारात ती पुष्कळ अंशी खरीही ठरते. सेवकाने धन्याचे हित पाहावे, नोकराने मालकाशी इमान राखावे, यात गैर असे काही नाही. परंतु समाजात काही आसने अशी असतात, की त्यांवर बसणाऱ्याने ही म्हण उंबरठ्याबाहेर ठेवूनच आत यावे लागते. न्यायाधीशाचे आसन हे त्यांपैकी एक. राज्यातील निवडणुकांचा कारभार पाहणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्याचे आसन हे तसेच दुसरे.

रामशास्त्री प्रभुणे यांना न्यायासनावर बसविले ते पेशव्यांनीच. त्यांचे वेतन पेशव्यांच्या खजिन्यातूनच येत असे. तरीही १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्या अपराधाबद्दल रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्तच घ्यावे लागेल, असे या न्यायाधीशाने त्यांना तोंडावर सांगितले आणि पुण्याचा त्याग केला, ही हकीकत महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. तिचे मर्म काय? नेमणूक धन्याने केली, तरी निष्ठा मात्र न्यायाशी होती. निवडणूक अधिकाऱ्याच्या अंगीही नेमका हाच गुण असावा लागतो.

हा अधिकारी करतो तरी काय? लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुकांसाठी प्रत्येक राज्यात एक मुख्य निवडणूक अधिकारी असतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार राज्य शासनाशी विचारविनिमय करून भारत निवडणूक आयोग त्याला नामनिर्देशित करतो. तो राज्याच्या सेवेतील वरिष्ठ अधिकारी असतो. पण या कामात त्याच्यावर देखरेख आयोगाची असते. मतदारयाद्या तयार करणे, त्या वेळोवेळी दुरुस्त करणे आणि निवडणुका यथासांग पार पाडणे, ही त्याची मुख्य कामे होत. जिल्हाधिकाऱ्यांपासून गावातील मतदान केंद्रावर बसणाऱ्या शिक्षकापर्यंत हजारो माणसे त्याच्या सूचनेप्रमाणे राबत असतात.

यांतील मतदारयादीचे काम वरवर पाहता कारकुनी वाटते. परंतु लोकशाहीचा पाया तेथेच घातला जातो. ज्याचे नाव यादीत नाही, त्याला मतदानाच्या दिवशी वाणी नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, उत्तर भारतातील अनेक स्त्रियांनी याद्या करणाऱ्यांना स्वतःची नावे सांगितली नाहीत. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख त्या देत. अशी नोंद ग्राह्य धरता येत नव्हती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकिर्दीत अशा सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे याद्यांतून गळाली. नियम कठोर होता. पण प्रत्येक मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे, कोणाची सावली नव्हे, हे तत्त्व त्यामागे होते. एका नोंदीच्या असण्यानसण्याला केवढे मोल असते, हे यावरून ध्यानी येईल.

असे काम ज्याच्या हाती, तो कोणाच्या मुठीत असावा, हा प्रश्न घटनाकारांपुढेही उभा राहिला होता. मूळ मसुद्यात प्रत्येक राज्याच्या निवडणुकांसाठी राज्यपालाने नेमलेला वेगळा आयोग असावा, अशी योजना होती. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती बदलण्याची सूचना संविधान सभेत मांडली. काही प्रांतांत भाषेने, वंशाने वा संस्कृतीने परक्या वाटणाऱ्या लोकांना मतदारयादीबाहेर ठेवण्याचे प्रयत्न चालू असल्याचे समजले होते. जो बहुसंख्याकांना आवडत नाही, त्याचे मत जर अशा रीतीने हिरावले जाऊ लागले, तर मतदानाच्या हक्काला अर्थ तो काय उरणार? म्हणून सर्व देशासाठी एकच आयोग असावा आणि राज्यांतील अधिकाऱ्यांनी त्याच्या देखरेखीखाली काम करावे, असे ठरले. हा राज्यांवरील अविश्वास आहे, असा आक्षेप त्या वेळी घेण्यात आला. परंतु तो अविश्वास राज्यांवर नव्हता. सत्तेच्या मोहावर होता.

पुढे १९९२ साली घटनेत ७३ वी व ७४ वी दुरुस्ती झाली. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या निवडणुकांसाठी प्रत्येक राज्यात राज्य निवडणूक आयुक्त नेमण्याची तरतूद तीत आहे. हा आयुक्त आणि वर सांगितलेला मुख्य निवडणूक अधिकारी, ही दोन निरनिराळी पदे होत. आयुक्ताची नेमणूक राज्यपाल करतात. पण एकदा नेमल्यावर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने व ज्या कारणांसाठी दूर करता येते, त्याच रीतीने व त्याच कारणांसाठी त्याला दूर करता येते. त्याच्या सेवेच्या अटी त्याला बाधक होतील अशा नंतर बदलता येत नाहीत. आसनावर बसविणाऱ्या हाताने त्याला लहर लागेल तेव्हा खाली ओढू नये, अशी ही व्यवस्था आहे.

व्यवस्था उत्तम असली, तरी माणसे तिला पळवाटा शोधतातच. गोव्यात २०२० साली राज्य शासनाच्या विधी खात्याच्या सचिवाकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात आला. म्हणजे एकाच माणसाने सकाळी शासनाला सल्ला द्यावा आणि दुपारी त्याच शासनाविरुद्धच्या तक्रारींकडे तटस्थपणे पाहावे! पाच नगरपालिकांतील प्रभागांच्या आरक्षणावरून वाद उत्पन्न झाला. उच्च न्यायालयाने ते आरक्षण रद्द ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १२ मार्च २०२१ रोजी त्या न्यायालयाने निर्णय दिला, की शासनाच्या नोकरीत असलेल्या व्यक्तीला राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही. ते पद स्वतंत्र व्यक्तीकडेच असले पाहिजे. हा निर्णय एकट्या गोव्यापुरता नव्हता. सर्व राज्यांना तो लागू झाला. त्या सचिवाचे चारित्र्य चांगले की वाईट, हा येथे प्रश्नच नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, एवढेच खरे.

यावर कोणी म्हणेल, की नेमलेला माणूस जर मिंधा होण्याचा संभव असेल, तर हा अधिकारीही लोकांनीच निवडून द्यावा. विचार आकर्षक आहे. अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत तशी रीत आहेही. पण तेथील अनुभव काय सांगतो? २००० साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक फ्लोरिडा राज्यातील मतमोजणीवर येऊन ठेपली. तेथील निवडणुकांची प्रमुख अधिकारी ही लोकांनी निवडून दिलेली होती. परंतु दोन प्रमुख उमेदवारांपैकी एकाच्या त्या राज्यातील प्रचारसमितीतही तिला प्रमुख स्थान होते. अखेर अवघ्या ५३७ मतांच्या अंतराने निकाल लागला. तिने नियमाप्रमाणेच वागल्याचे सांगितले. तरी पराभूत पक्षाच्या मनातील शंका काही फिटली नाही. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला माणूस पक्षाचा मिंधा असतो. तेव्हा निवड आणि नेमणूक यांत एक चोख व दुसरी खोटी, असे नाही. नेमणुकीनंतर त्या माणसाला निर्भय राहता येते की नाही, हीच खरी कसोटी होय.

या कसोटीवर पाहता मुख्य निवडणूक अधिकाऱ्याची स्थिती अधिक नाजूक दिसते. निवडणुकीच्या कामावर असेपर्यंत तो आयोगाच्या सेवेत प्रतिनियुक्तीवर आहे, असे कायदा मानतो. परंतु हे काम संपले, की त्याला राज्य शासनाच्याच सेवेत परतावयाचे असते. ज्या मंत्र्याच्या पक्षाला त्याने आचारसंहितेच्या भंगाबद्दल काल खडसावले, त्याच मंत्र्याच्या हाती उद्या त्याची बदली व बढती असू शकते. हे ठाऊक असूनही जो लेखणी कापू देत नाही, तो अधिकारी धन्य होय. परंतु राज्याची व्यवस्था केवळ धन्य पुरुषांच्या भरवशावर चालवू नये. प्रामाणिकपणाबद्दल ज्याला किंमत मोजावी लागते, त्याच्या पाठीशी कायद्याने उभे राहिले पाहिजे. निवडणुकीनंतर काही काळ अशा अधिकाऱ्याची बदली आयोगाच्या संमतीवाचून होऊ नये, एवढे जरी झाले, तरी पुष्कळांचे मन निर्धास्त होईल.

लोकांचेही काही कर्तव्य आहे. आपला उमेदवार विजयी झाला, की अधिकारी न्यायी. पराभूत झाला, की तोच पक्षपाती, अशी बोली सर्वत्र ऐकू येते. पुराव्यासह तक्रार करणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण पुराव्यावाचून चिखल उडविणे हा त्या आसनाचा अपमान आहे. अधिकाऱ्यानेही शंकेला रागाने उत्तर देऊ नये. आपले काम उजेडात ठेवावे.

हे कसे करावे, याचा धडा मतदान केंद्रावरच पाहावयास मिळतो. मतदानाच्या दिवशी पहाटे गावच्या शाळेत केंद्राध्यक्ष निरनिराळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना बोलावतो. मतदानयंत्रात एकही मत नाही, हे त्यांना दाखवितो. त्यांच्यादेखत निदान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतो, बेरीज जुळवून दाखवितो, ती मते पुसून टाकतो आणि यंत्रावर मोहर लावतो. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे तो म्हणत नाही. ‘या, पाहा आणि खात्री करून घ्या’ असे म्हणतो. बहुधा तो केंद्राध्यक्ष एखादा साधा शिक्षक असतो. त्यालाही शासनानेच नेमलेले असते आणि वेतनही शासनच देते. पण त्या दिवशी तो टाळी कोणाचीच वाजवीत नाही. गावच्या शाळेतील हीच रीत राजधानीतील मोठ्या आसनापर्यंत पोहोचली, म्हणजे मतदाराला निश्चिंत मनाने रांगेत उभे राहता येईल.