‘अनटचेबल’ : एका शब्दाचे अर्थ शिकवताना

इंग्रजी शब्दसंग्रहाच्या तासाला आम्ही आठवड्याला एकच शब्द घेतो. आम्ही मूळचे इतिहासाचे. शिक्षक अपुरे पडले म्हणून हा तास आमच्याकडे आला आणि पुढे आमच्याकडेच राहिला. पद्धत साधी आहे. आधी शब्दाचा वाच्यार्थ सांगावयाचा, मग लक्ष्यार्थ, आणि शेवटी मुलांनी दोन्ही अर्थांची स्वतःची वाक्ये करावयाची. ‘अँकर’ या शब्दाला तर आगरदांड्यासारखे दुसरे ठिकाण नाही. ‘अँकर म्हणजे नांगर’ असे फळ्यावर लिहिताच माणगावकडच्या मुलांनी वहीत बैलांचा नांगर काढला आणि मुरूड-राजपुरीच्या मुलांनी होडीचा. मराठीच्या या एका शब्दात शेत आणि समुद्र दोन्ही असल्याचे त्या दिवशी आमच्याही नव्याने ध्यानात आले. बातम्या देणाऱ्या बाईंना ‘अँकर’ का म्हणतात, इथवर वर्ग हसतखेळत पोहोचला.

त्यानंतरचा शब्द आम्ही निवडलेला नव्हता. आठवीतील एका मुलीने तो क्रिकेटच्या समालोचनातून आणला. एका गोलंदाजाची स्तुती करताना समालोचक त्याला ‘अनटचेबल’ म्हणाला होता. तिने शब्दकोश उघडला, तेव्हा त्यात हिंदू समाजातील खालच्या मानलेल्या जातीचा मनुष्य असाही अर्थ दिलेला. तिने उभे राहून विचारले, “सर, हा शब्द त्या गोलंदाजाचा आहे की आपला?”

शिक्षकांच्या खोलीत हा प्रसंग सांगितला, तेव्हा एका सहकाऱ्यांचे मत पडले की असले शब्द वगळावेत. मुलांना त्या आठवणी कशाला? त्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. परंतु आम्ही वगळला म्हणून शब्द काही कोशातून जात नाही. तो उद्या मुलांना महाविद्यालयात, कचेरीत किंवा परदेशात भेटेल, आणि तेव्हा शेजारी शिक्षक नसेल. म्हणून पुढचे दोन तास आम्ही त्याच शब्दाला दिले.

प्रथम न्यायाने सांगावयास हवे ते सांगितले. गोलंदाजाच्या स्तुतीत आपला अपमान नाही. ज्याला हात लावता येत नाही, ज्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, असे म्हणण्यासाठी हे विशेषण इंग्रजीत जुनेच आहे; आपल्या जातिव्यवस्थेसाठी ते विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात शिकागोच्या अल कपोनच्या टोळीमागे लागलेल्या सरकारी अधिकाऱ्यांचे पथक लाच घेईना, म्हणून त्यांना ‘द अनटचेबल्स’ हे नाव पडले. त्यांचा प्रमुख एलियट नेस याच्या आठवणींचे पुस्तक १९५७ साली त्याच नावाने निघाले. १९८७ साली चित्रपटही आला. आता दुसरे पुस्तक पाहा. ‘द अनटचेबल्स’ याच शीर्षकाचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९४८ सालचा. अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य का झाले, याचा शोध घेणारा, आणि नंदनार, रविदास व चोखामेळा या तिघांना अर्पण केलेला. एकाच शब्दाखाली एका देशात विकत न घेता येणारे अधिकारी उभे आहेत आणि दुसऱ्या देशात पाण्यावाचून ठेवलेली माणसे. दोन्ही पुस्तके मुलांना शोधण्यास सांगितली. आमच्या कपाटात एकच निघाले, आणि ते कोणते हे सांगण्याची गरज नाही.

खरी अडचण पुढे आहे. आपल्या बाबतीत ज्याला आम्ही वाच्यार्थ म्हणतो, तो तरी शब्दाचा वाच्यार्थ आहे काय? आमची आजी डोंगरातून लाकडाचा भारा आणी. तो भारा तिच्या डोक्यावरून उतरून कोणाच्याही चुलीत जात असे. भात तिने कापलेले, झोडलेले चाले. चालत नसे ती तिच्या हातची घागर. तिच्या स्पर्शाने लाकूड बाटत नव्हते, धान्य बाटत नव्हते, फक्त पाणी बाटत होते! आमच्याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. गुरांना मोकळे असलेले ते तळे पुढे शेणगोमूत्राच्या घागरी ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले. स्पर्श हे निमित्त होते. कोणाचे काम घ्यावयाचे आणि कोणाची बरोबरी नाकारावयाची, याची ती व्यवस्था होती.

घटना समितीपुढे नेमका हाच प्रश्न शब्दाच्या रूपाने आला होता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम चर्चेला आले, तेव्हा नझिरुद्दीन अहमद यांनी ते धर्म आणि जात यांपुरते स्पष्ट करणारी दुरुस्ती सुचवली. के. टी. शहा यांनी शब्दाची व्याख्या नसल्याकडे लक्ष वेधले. काही दिवस स्त्रियांनाही शिवत नाहीत, काही आजाऱ्यांनाही शिवत नाहीत, मग तेही यात येणार काय? बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. आज संविधानाचे सतरावे कलम इंग्रजीत उघडून पाहावे : ‘अनटचेबिलिटी’ हा शब्द अवतरणचिन्हांत आहे आणि त्याची व्याख्या कोठेही नाही. पुढे देवराजय्या विरुद्ध पद्मण्णा या खटल्यात म्हैसूर उच्च न्यायालयाने त्या अवतरणचिन्हांचाच आधार घेतला. १९५८च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापलेल्या या निकालाचा आशय असा की, कलमाचा विषय शब्दाच्या व्याकरणातील अस्पृश्यता नसून या देशात इतिहासाने घडवलेली प्रथा आहे. कोशाने जे सांगितले नाही, ते सांगण्यास न्यायालयाला इतिहासाकडे जावे लागले. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हाला याचा थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

लक्ष्यार्थाविषयी मात्र आमची एक तक्रार आहे, आणि ती इंग्रजीपेक्षा मराठीशी अधिक आहे. निवडणुका आल्या की एखादा पक्ष, युतीत कोणी घेत नाही म्हणून, आपल्याला ‘राजकीय अस्पृश्य’ ठरवल्याचे गाऱ्हाणे मांडतो. सत्ता भोगलेले, साखर कारखाने चालवलेले लोक हा शब्द वापरतात. त्यांच्या घागरीला कोणी नाही म्हटले नव्हते. उपमा द्यावयास कोणाची बंदी नाही, परंतु ज्याने मूळ अर्थ कधी सोसला नाही आणि वाचलाही नाही, त्याच्या तोंडी ती उपमा उसनवारीची ठरते. आम्ही मुलांना या शब्दाचे लाक्षणिक वाक्य लिहू देतो. अट एवढीच की त्याआधी मूळ अर्थाचे एक वाक्य सालासकट लिहिले पाहिजे.

त्या मुलीने मूळ अर्थाच्या वाक्यात महाड आणि १९२७ लिहिले. दुसऱ्या वाक्यात तिने गोलंदाज घेतला नाही. दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर गर्दीत सगळे एकमेकांना खेटून उभे असतात, तिथे अनटचेबल कोणी राहूच शकत नाही, असे तिने इंग्रजीत लिहिले. व्याकरणाच्या दोन चुका होत्या. त्या दुरुस्त करून दिल्या. हे वाक्य लाक्षणिक म्हणावे की नाही, यावर वर्गात घंटा होईपर्यंत वाद चालला आणि तो मिटला नाही.

पुढच्या आठवड्याचा शब्द ‘बॉयकॉट’ आहे. तो १८८० साली आयर्लंडमध्ये एका माणसाच्या आडनावावरून आला. ‘बहिष्कृत भारत’चे पहिले पान त्या तासाला भिंतीवर लावावे, असे आम्ही ठरवले आहे.